चंद्रकोरीतला अर्धा चेहरा

अमिरुन्निसा भाभींचं पत्र मला १९९१ च्या एप्रिलमध्ये सौदीतल्या अल-खोबरला मिळालं. निळं हवाई पत्र, श्रीवर्धनच्या पोस्टाचा शिक्का, गोल अक्षर, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे थोडी वर चढलेली. त्याला मी उत्तर दिलं नाही.

त्या काळात आमच्या इमारतीतल्या निम्म्या माणसांची पत्रं मी लिहून देत असे. मला चारचौघांत धड बोलता येत नाही, म्हणून कागद बरा वाटतो. कोणाच्या बायकोला, कोणाच्या सासऱ्याला काय लिहायचं ते मला सुचायचं. या एका पत्राला मात्र चौतीस वर्षांत एक ओळ सुचली नाही. खरं म्हणजे पुष्कळ सुचल्या, आणि प्रत्येक खोटी वाटली म्हणून फाडली.

भाभींनी लिहिलं होतं:

"जमालभाईंना सलाम. तुम्ही पाठवलेला ह्यांचा फोटो मिळाला. फोटो चंद्रकोरीत बसवला आहे आणि कोरीत अर्धाच चेहरा आहे. आपल्याकडे मयत उचलायच्या आधी घरच्या बायकांना तोंड दाखवतात. मला ते मिळालं नाही, कबर तिकडेच झाली. कोरीच्या बाहेर काय आहे ते मला बघायचं आहे. पुरा फोटो असेल तर पाठवा. आणि ते कुठे होते, जवळ कोण होतं, काही बोलले का, ते लिहा. सगळे म्हणतात, जमालभाई जवळ होते."

'ह्यांचा' म्हणजे सिराजुद्दीनचा. अल-खोबरच्या एका फोटो स्टुडिओत आम्ही सहा वर्षं एकत्र काढली. तो पुढे कॅमेऱ्यावर असे, मी मागे डार्करूममध्ये. राहायची खोलीही एकच. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान, गप्पिष्ट, गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय बटण न दाबणारा. मी फोटो धुवायचो, डाग मिटवायचो आणि उरलेल्या वेळात पुस्तक वाचायचो.

गेल्या वर्षी रत्नागिरीत एका निकाहात श्रीवर्धनचा एक माणूस शेजारी जेवायला बसला होता. त्याच्याकडून कळलं, की भाभी अजून त्याच घरात राहतात. मुलगी पनवेलला दिली आहे. गावात कोणी आखातातून आलं, की त्या विचारतात, रत्नागिरीचे जमालभाई हल्ली कुठे असतात. त्या माणसाला मी माझं नाव सांगितलं नाही. अर्धं ताट तसंच ठेवून हात धुवायला उठलो.

यंदा हिवाळ्यात मी मुलाकडे, फहादकडे, पुन्हा अल-खोबरला आलो. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्याजवळ त्याचा फ्लॅट आहे. येताना मी माझ्या जुन्या निगेटिव्हचा बिस्किटाचा डबा बरोबर आणला होता, कारण नात इकरा ईदसाठी घराचं डिजिटल स्क्रॅपबुक करत होती आणि तिला दादाच्या, म्हणजे आजोबांच्या, तरुणपणीचे फोटो हवे होते. फहादने ऑफिसातून घरी आणलेल्या यंत्रावर निगेटिव्ह चढवून ते संगणकात आले. मग तिने मला शेजारी बसवून आकार दाखवले. पान, कंदील, फुलपाखरू, बदाम. आकार निवडायचा, त्यावर फोटो सोडायचा, की फोटो त्या आकारात बसतो. त्याला ती मास्क म्हणते. आम्हीही मास्कच म्हणायचो, फक्त आमचा काळ्या कागदाचा असायचा आणि ब्लेडने कापावा लागायचा.

एका पानावर तिने चंद्रकोर ठेवली आणि हाताला येईल तो फोटो तिच्यात सोडला. स्टुडिओच्या काउंटरला टेकून हसणारा सिराज. कोरीत त्याचा उजवा गाल, उजवा डोळा आणि अर्धं हसू आलं.

मी म्हटलं, काढ तो.

तिला वाटलं, चेहरा तुटला म्हणून मी रागावलो. "दादा, फोटो कटा नहीं है," ती म्हणाली. "पीछे पूरा है. देखो."

तिने बोटाने फोटो सरकवला. कोर जागेवर राहिली आणि तिच्याखालून सिराजचा डावा गाल पुढे आला, धड, खळीसकट. मी उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. त्या गालाचं काय झालं होतं हे जगात आता बहुधा मला एकट्यालाच माहीत होतं. आणि ज्या बाईला ते कळायला हवं होतं तिला मी ते कळू दिलं नव्हतं.

आमच्या स्टुडिओचं एक खास काम होतं. आखातात एकटी राहणारी माणसं घरून आलेला बायकोचा फोटो घेऊन यायची आणि दोघांना एका बदामात बसवून मागायची. नवरा-बायको लग्नानंतर महिनाभर एकत्र राहिलेले असायचे, दोघांचा एकत्र फोटो कधी निघालेलाच नसायचा. बायकांचे फोटो म्हणून ते काम समोर काचेत लावायची सोय नव्हती. पाकिटात यायचं, पाकिटात जायचं. रंगीत फोटो बाहेरच्या मशीनवर धुऊन यायचे. ही जोडणी मात्र काळ्या-पांढऱ्या कागदावर माझ्या खोलीत व्हायची. काळ्या कागदात अर्धा बदाम कापायचा, त्यातून कोऱ्या कागदावर आधी बायकोच्या निगेटिव्हचा उजेड पाडायचा. मग ती बाजू झाकून उरलेल्या अर्ध्यात नवऱ्याचा. मधल्या वेळात कागद केसभर हलला, तर दोघांच्या मध्ये काळी रेघ पडते. माझ्या कामात रेघ पडत नसे. मला अभिमान वाटावा असं आयुष्यात तेवढंच होतं, म्हणून सांगतो.

खोलीचा नियम एकच होता. दारावर लाल दिवा लागला, की आत कागद उघडा आहे. मालक आला तरी दार उघडायचं नाही.

१९९० च्या ऑगस्टात कुवेत सद्दामच्या हाती गेलं आणि अल-खोबर पळून आलेल्या कुवेती कुटुंबांनी भरून गेलं. सप्टेंबरात त्यांच्यातला एक म्हातारा आमच्याकडे आला. त्याने काउंटरवर एक छोटा फोटो ठेवला. विशीतला मुलगा घराच्या उंबऱ्यावर उताणा पडलेला, डोळे उघडे, कपाळात भोक, डोक्याखालच्या पायरीवर रक्त पसरलेलं. सैनिकांनी त्याला दाराबाहेर ओढून आईसमोर गोळी घातली होती. म्हाताऱ्याला फोटो मोठा करून हवा होता. एवढंच तो म्हणाला.

मी दोन दिवस खपलो. बारीक ब्रशने कपाळातलं भोक बुजवलं, पायरीवरचं रक्त सावलीसारखं केलं, डोळे मिटवले. मग लंबगोल मास्कमध्ये बसवून नुसता चेहरा काढला. मुलगा झोपल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, बाप माझा हात हातात घेईल.

त्याने फोटो पाहिला आणि काउंटरवरून हात लांब करून माझ्या कानशिलात मारली. लगेच दुसरी. माझा चष्मा उडाला आणि तो पुढे आला तेव्हा त्याच्याच पायाखाली चुरला. सिराज मध्ये पडला तर त्याच्या ओठावर मुठीचा मार बसला, रक्त हनुवटीवर आलं. म्हाताऱ्याने माझी मान धरून तोंड त्या फोटोवर दाबलं आणि तो अरबीत ओरडत राहिला. तो गेल्यावर मी सिराजला विचारलं, तो काय म्हणत होता.

सिराजने ओठाचं रक्त पुसलं. "म्हणाला, गोळी त्यांनी मारली, ती पुसणारा तू कोण?"

मग माझा चेहरा बघून त्याने नेहमीसारखी थट्टा केली. म्हणाला, "जमालभाय, तू ब्रशने माणूस जिता करायला निघालास. मार खाणारच."

दुसऱ्या दिवशी सिराजने मूळ फोटो होता तसा मोठा करून त्या बापाला घरी नेऊन दिला. मी पुन्हा ब्रश धरला, पण समजलो काहीच नाही. समजलो असतो तर पुढचं केलं नसतं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात भोंगा वाजला की माणसं जनावरं व्हायची. एकदा संध्याकाळी आम्ही तमीसच्या, म्हणजे अफगाणी रोटीच्या, भट्टीवर रांगेत होतो. भोंगा झाला आणि सगळी रांग भट्टीच्या आत घुसली. कोणीतरी शटर खाली ओढलं. बाहेर राहिलेल्या एका बंगाली माणसाचा हात त्याखाली सापडला. त्याची बोटं आमच्या बाजूला होती, आधी हलणारी, मग पांढरी, मग नखांतून रक्त येणारी. तो बाहेरून किंचाळत होता. आत पंचवीस माणसं होती, मी होतो. शटर वर उचललं तर विषारी वायू आत येईल या भीतीने कोणी हललं नाही. शेवटी सिराजने दोघांना लाथा घालून बाजूला केलं आणि शटर वीतभर उचललं. त्या माणसाची दोन बोटं कातड्याला लोंबत होती.

सैनिकांकडे विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे होते, आमच्याकडे ओले टॉवेल. मालकाने सांगितलं, भोंगा झाला की दोघांनी डार्करूममध्ये जायचं. खिडकी नाही, झरोका टेपने बंद, दार जाड, आतून कडी. सिराजने समोरच्या मोठ्या काचेवर खाकी टेपच्या फुल्या मारल्या आणि मला बोलावून दाखवल्या. म्हणाला, आता सद्दामचं क्षेपणास्त्र आलं तर फुल्या बघून परीक्षेत नापास झालो समजेल आणि परत जाईल.

महिनाअखेरीस आमच्या इमारतीतला श्रीवर्धनचा एक जण देशी परत जायला निघाला. सकाळच्या बसने जेद्दा आणि तिथून विमान. त्याच्या हाती सिराजला भाभींसाठी काहीतरी पाठवायचं होतं. सहा वर्षं दुसऱ्यांच्या जोड्या जमवल्या आणि स्वतःची राहिली, असं तो म्हणाला. लग्नानंतर तो दोनदाच घरी गेला होता. भाभींचा एकच फोटो त्याच्याजवळ होता, शाळेच्या दाखल्यासाठी काढलेला, वेणी पुढे घेतलेला. त्या दिवशी दुपारी त्याने गुळगुळीत दाढी केली, माझा इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. मला कॅमेरा धरता येत नाही म्हणून पूर्ण वेळ मला हसत होता.

युद्धामुळे कागदाचा माल येत नव्हता. डब्यात तीन कागद होते. संध्याकाळच्या मग्रिबच्या नमाजानंतर मी लाल दिवा लावून काम सुरू केलं. पहिल्या कागदावर रेघ पडली. दुसऱ्यावरही पडली. तिसऱ्या, शेवटच्या कागदावर भाभी उतरल्या. मी ती बाजू झाकली आणि सिराजची निगेटिव्ह लावली. तेवढ्यात भोंगा वाजला.

थोड्या वेळाने दार वाजलं. सिराज पुढचे दिवे घालवून, शटर अर्धं ओढून पळत आला होता.

"जमालभाय, उघड."

मी म्हटलं, कागद उघडा आहे.

"अरे, मरायचंय का? उघड."

कागद डब्यात टाकून दार उघडता आलं असतं. जोड चुकली असती, फोटो गेला असता, बस्स. तेव्हा हे मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. सुचलं होतं. पण लाल दिवा लागल्यावर सहा वर्षांत मी ते दार कधी उघडलं नव्हतं, आणि कागद शेवटचा होता, आणि रेघ पडू नये असं मला फार वाटत होतं. भोंगे तर रोज वाजत होते.

मी म्हटलं, "तुझाच आहे. दोन मिनिटं."

मग मला त्याचं हसणं ऐकू आलं. "बरं," तो म्हणाला. "नीट काढ."

हे त्याने दाराला टेकून सांगितलं असावं, कारण आवाज अगदी जवळ होता. मी उजेड पाडला, मनात आकडे मोजले, कागद डेव्हलपरमध्ये सोडला. पाण्यात दोन चेहरे हळूहळू वर येऊ लागले. मध्ये रेघ नव्हती.

आधी जमीन उचलली गेली, मग आवाज आला. वर कुठेतरी क्षेपणास्त्र फुटलं होतं आणि त्याचा जळता तुकडा आमच्या समोरच्या मोकळ्या जागेत पडला होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की पुढच्या दुकानात कोणीतरी हजार ताटं एकदम फोडली आणि दारावर बाहेरून बैल धडकला. कडी उखडली. दार आत आलं आणि त्याच्याबरोबर सिराज माझ्या पायांवर पडला.

लाल उजेडात रक्त लाल दिसत नाही. पांढरट, पाण्यासारखं दिसतं. फरशीवर ओल पसरत होती आणि मला वाटलं, ट्रे सांडला. बाहेर दिवे नव्हते, मार्गिकेत काळोख होता, म्हणून कागदाला धोका नव्हता. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी वाकण्याआधी कागद चिमट्याने उचलला आणि हायपोमध्ये टाकला. हायपोत गेलेला कागद उजेडाने काळा पडत नाही. मग मी मागे हात नेऊन साधा दिवा लावला.

फरशी लाल झाली. माझी पँट गुडघ्यापर्यंत लाल होती. सिराज भोंग्याकडे, म्हणजे रस्त्याकडे, डावी बाजू करून दाराला टेकला होता, म्हणून सगळी काच डावीकडून आली. कानापासून हनुवटीपर्यंत गाल उघडा होता आणि आतले दात दिसत होते. डोळ्याच्या जागी काचेची कांब उभी होती, तिला खाकी टेपचा तुकडा चिकटलेला. मानेतून रक्त थांबत-थांबत उसळत होतं. मी टॉवेल दाबला. टॉवेलमधली काच माझ्या तळव्यात गेली. मी जोर लावला तसा त्याचा घसा वाजला. त्याने माझ्या पँटचं कापड मुठीत धरलं.

"झाला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, झाला.

मूठ सुटायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी आकडे मोजत होतो, सवयीने, आणि मध्येच कुठेतरी चुकलो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये पोलिसांना कागदपत्रांसाठी मयताचा फोटो हवा होता. मालकाने कॅमेरा माझ्या हातात दिला, कारण कॅमेरा चालवणारा टेबलावर पडला होता. मी दोन फोटो काढले. गुसल देणारा, म्हणजे मयताला आंघोळ घालणारा, एक वयस्क येमेनी होता. त्याला मदत करायला मी थांबलो. पाणी सोडलं की काच निघायची, केसांतून, मानेच्या वळीतून, छातीवरच्या लवेतून. त्या येमेनीची दोन बोटं कापली, माझी कापलेलीच होती. शेवटी कुठलं रक्त कोणाचं हे कळेना, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून पाणी घातलं. दम्मामच्या कबरस्तानात आम्ही नऊ जण होतो. चेहरा बघायला घरचं कोणी नव्हतं.

मालक म्हणाला, बायकोला एक फोटो पाठव. हात जरा बरे झाल्यावर मी फुटक्या दुकानातून मागे गेलो. आदल्या वर्षी ईदच्या कार्डांसाठी कापलेल्या चंद्रकोरीचा मास्क खिळ्याला तसाच लटकत होता. दुसऱ्या एका स्टुडिओतून फोटोचा एक कागद मागून आणला. हॉस्पिटलातल्या निगेटिव्हमधला सिराजचा उजवा गाल कोरीत बसवला. कोरीची आतली कड त्याच्या नाकाच्या शेंड्याशी आणली, डावं काही येऊ दिलं नाही, आणि मास्क किंचित हलवत ठेवला म्हणजे कड धुक्यासारखी होते. सुबक झाला. माझं सगळ्यात चांगलं काम तेच असेल. भाभींना त्रास नको म्हणून हे करतोय, असं मला वाटत होतं.

त्या जोडीच्या फोटोचं मी काय केलं? हायपोतून काढला आणि पुस्तकात ठेवला. पाण्याने धुवायचं त्या रात्री राहिलं आणि नंतर त्याला पाण्यात घालायचं मला धाडस झालं नाही. न धुतलेला कागद वर्षांनी पिवळा पडतो, मग तपकिरी. भाभींचा चेहरा अजून ओळखू येतो. सिराजचा कपाळाकडून जात चालला आहे.

इकराने कोरीखालून तो गाल सरकवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती शाळेत गेल्यावर, मी फहादला तोवर बाजूला ठेवलेली डब्याच्या तळाची पट्टी दिली, हॉस्पिटलातल्या त्या दोन फोटोंची, आणि म्हटलं, यातली दुसरी निगेटिव्ह मोठी करून दे, काही सुधारू नकोस. चित्र पडद्यावर आलं तसा तो खुर्चीवरून मागे सरला. मग मी त्याला सगळं सांगितलं, दार, कागद, हायपो. तो माझा मुलगा आहे, पण सांगताना मी भिंतीकडे बघत होतो.

तो म्हणाला, "अब्बा, ती बाई आता साठीला आली असेल. आता कशाला?"

"तिने मागितला होता."

"चौतीस वर्षांपूर्वी मागितला होता."

"अजून विचारते."

"फोटोचं ठीक आहे," फहाद म्हणाला. "पण दाराचं का लिहिता? ते तर कोणालाच माहीत नाही. तिला तुमचा राग करत मरायला लावणार?"

कदाचित मी स्वतःचं ओझं त्या बाईच्या दारात टाकतो आहे, आणि त्याला खरेपणा म्हणतो आहे. पण मला तो कुवेती म्हातारा आठवत होता. तिने दोन गोष्टी विचारल्या होत्या, कोरीबाहेर काय आहे, आणि जवळ कोण होतं. एक देऊन दुसरी झाकली, तर तो पुन्हा मास्कच झाला असता. फहादने यंत्राचं बटण दाबलं. छापून आलेला कागद उलटा करून त्याने माझ्याकडे दिला आणि तो ऑफिसला गेला.

पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा चार पानं झाली, त्यात युद्धाचीच तीन होती. दुसऱ्यांदा मी माफी इतक्या वेळा मागितली, की भाभींना मलाच धीर द्यावा लागला असता. तिसरं असं आहे:

"अमिरुन्निसा भाभींना जमालुद्दीनचा सलाम. तुमच्या १९९१ च्या पत्राचं हे उत्तर आहे. पुरा फोटो बंद पाकिटात ठेवला आहे. डावी बाजू काचेने फाटली होती, डोळा गेला होता. बघायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी ठरवायला नको होतं. सिराज डार्करूमच्या दाराशी होता. भोंगा झाल्यावर त्याने दोनदा उघड म्हटलं. मी आत होतो. मी उघडलं नाही. आत तुम्हा दोघांचा फोटो उघड्या कागदावर होता, तो बिघडू नये म्हणून मी त्याला दोन मिनिटं थांब म्हटलं. तो बरं म्हणाला, हसला आणि नीट काढ म्हणाला. तो पडल्यावरही मी आधी कागद सांभाळला, मग त्याला. त्याने विचारलं, झाला? मी झाला म्हटलं. दुसरं काही बोलला नाही. जवळ मीच होतो, दुसरं कोणी नव्हतं. तो फोटो सोबत आहे. धुवायचा राहिला म्हणून तपकिरी झाला आहे. मध्ये रेघ नाही."

शेवटचं वाक्य मी एकदा खोडलं, मग पुन्हा लिहिलं. खाली रत्नागिरीचा माझा पत्ता दिला, म्हणजे त्यांना काही म्हणायचं असेल तर म्हणता येईल.

पुरा फोटो तपकिरी पाकिटात घालून डिंकाने बंद केला. जोडीचा फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. तो पुस्तकातून काढताना त्याचा एक कोपरा मोडून माझ्या बोटाला चिकटला. इकराने दुपारी ईदचं पान पूर्ण करून दाखवलं. कोर अजून होती, पण तिच्यात आता कंदील होता. सिराजचा फोटो तिने वेगळा, कुठल्याही आकाराविना, चौकोनीच ठेवला होता.

पोस्ट ऑफिस आमच्या जुन्या रस्त्याच्या टोकाला आहे. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे आणि पुढची काच आमच्याहूनही मोठी आहे. मी पलीकडच्या फुटपाथने गेलो. काउंटरवरच्या तरुणाने इकामा, म्हणजे इथला रहिवासी परवाना, मागितला. मी व्हिजिट व्हिसावर आहे म्हटल्यावर पासपोर्ट बघितला, मग पाकीट हलवून विचारलं, आत काय आहे.

मी म्हटलं, फोटो.

किती, त्याने विचारलं. दोन, मी म्हटलं, आणि एक पत्र. त्याने पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला, श्रीवर्धनचा उच्चार जमेना तेव्हा मान हलवली, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.